फेबेलिनची जागा

नॉम पेन्ह,
रविवार, २२ ऑगस्ट १९९९

ती. मानांग पुरिंग हिला
धाकट्या बहिणीचा सा. न. वि. वि.

आपल्या रीतीप्रमाणे नमस्काराला तुझा हात माझ्या कपाळाला लावला आणि मगच लिहायला बसले, असं समज. मी सुखरूप पोचले. तू बांधून दिलेले सुके मासे विमानतळावर उघडायला लावले. शिपायानं नाक धरलं, घाईघाईनं पुन्हा बांधले आणि मला रांगेतून पुढे काढलं. तेव्हा तुझ्या माशांनी माझा अर्धा तास वाचवला.

शाळा सोमवारी उघडली. आमच्या मुख्याध्यापिका हॅलम बाई, त्यांनी यंदा मला छोट्यांच्या वर्गावरून उचलून वरच्या मजल्यावर बसवलं आहे. सहावी, सातवी आणि आठवी, म्हणजे सगळी मधली शाळा माझ्याकडे. ऐकायला भारदस्त वाटतं ना? मुलं तेरा आणि खोली एक. दाराकडे सहावीची पाच, खिडकीशी सातवीची पाच, आणि आठवीचे तिघं मागच्या भिंतीला टेकून, आपण या वर्गातले नाहीच अशा थाटात. तेरा मुलं आठ देशांची. कुणाच्या बापाची बदली झाली की बाक रिकामं होतं, कुणाची इकडे झाली की भरतं.

छोट्यांना गोष्ट सांगितली की भागतं. या मधल्या मुलांचं काही विचारू नकोस. सकाळी डोळे भरून येतात, दुपारी दार आपटतात, आणि मधेच असा एखादा प्रश्न टाकतात की मला दोन दिवस पुस्तकं चाळावी लागतात. मला हा वर्ग फार आवडला आहे.

आता खरी गोष्ट. आमच्या शाळेत शिक्षकांच्या मुलांना जागा मिळते. मार्चमध्ये फेबेलिनची तिथली सहावी होईल. पुढच्या ऑगस्टात तिला इथे सातवीत घालावं, असं मी मनाशी पक्कं केलं आहे. ती नऊ वर्षांची असताना मी इकडे आले, आता ती बारा वर्षांची आहे. दर जुलैत चार आठवडे आई असण्यात आता माझं मन भरत नाही. तिला तू वाढवलंस, हे मी कुठेही कबूल करीन. म्हणूनच जुलैत तुझ्यासमोर बसून हे बोलायचा धीर झाला नाही. तूच तिला सांग. तुझ्या तोंडून आलं तर तिला बोचणार नाही. ती काय म्हणते ते मोकळेपणी कळव.

पाठ धरत असेल तर मागावर सलग बसू नकोस. लोभ आहेच, उत्तराला उशीर करून त्याची परीक्षा पाहू नकोस.

तुझी,
नेने

◆

मियागाओ,
१९ सप्टेंबर १९९९

चि. नेने हिस
थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मासे पोचले हे वाचून जास्त बरं वाटलं.

इकडे सगळं ठीक. या महिन्यात चर्चच्या सणासाठी मोठं काम आलं आहे, तांबड्या पट्ट्यांचं कापड. बाया दिवसभर मागावर असतात. माझी पाठ आहे तशीच आहे. ती तुझ्या पत्रांनी बरी होत नाही आणि बिघडतही नाही.

पोरीला तुझं म्हणणं सांगितलं. ती नाही म्हणाली. म्हणजे तोंडानं काही बोलली नाही, मान हलवली आणि डुकरांना खायला घालायला निघून गेली. तिचा स्वभाव तुला माहीत आहे. इथे ती वर्गात पहिली येते, बाई तिचं नाव घेतात, मैत्रिणी आहेत. उगाच मुळासकट उपटून तिथे नेऊन लावायचं म्हणजे काय, याचा विचार कर. आणि नोकरीचं म्हणशील तर तुला वर नेऊन बसवल्याला जेमतेम महिना झाला, आणि तू पोरीच्या नावाचं बाकही धरून ठेवलंस. लहानपणी जत्रेतल्या पाळण्यात अशीच दोन-दोन जागा धरायचीस.

ज्यांच्यासमोर तू इंग्रजी बोलतेस ती माणसं आपल्या गावच्या चर्चमधली नव्हेत. त्यांना एखादा शब्द खटकला तर? मी भीती घालत नाही, फक्त विचारते.

मी तुला वाढवलं, तुझ्या लेकीला वाढवते आहे. अजून दोन-चार वर्षांनी काही बिघडणार नाही. घाई करू नकोस.

जेवत जा. आशीर्वादात कसूर नाही, याची खात्री बाळग.

तुझी थोरली,
पुरिंग

◆

नॉम पेन्ह,
रविवार, २४ ऑक्टोबर १९९९

ती. मानांग हिला
नेनेचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिनं मान हलवली, हे वाचून वाईट वाटलं. पण आज ते बाजूला ठेवते. तुझी भीती खरी ठरली आहे, तेव्हा आधी तुझं अभिनंदन.

पाच पालकांनी सह्या करून हॅलम बाईंना पत्र दिलं. मजकूर असा, की बाई मेहनती आहेत, छोट्यांच्या वर्गाला ठीक होत्या. पण बाराव्या-तेराव्या वर्षी मुलांची भाषा पक्की होते, तेव्हा मधल्या वर्गाला जिच्या घरी इंग्रजी बोलतात अशीच शिक्षिका हवी. पहिली सही श्रीमती लिम यांची. त्या सिंगापूरच्या. त्यांची मुलगी पेइशान सातवीत माझ्यासमोरच बसते. हॅलम बाईंनी मला चहा दिला, तेव्हाच मी ओळखलं. म्हणाल्या, जानेवारीपासून मी 'साहाय्यक' व्हावं. वर्ग तोच, काम तेच, फक्त पुढे दुसरं कुणी उभं राहील. मी विचारलं, साहाय्यकाच्या मुलांना शाळेत जागा असते का? त्या म्हणाल्या, नसते.

मानांग, मी तिथे रडले नाही. मी एवढंच म्हटलं की डिसेंबरात पालकांची सभा आहे, तोवर निर्णय नको. आणि ज्यांना शंका आहे त्यांनी माझ्या वर्गात येऊन बसावं, हवं तितके दिवस. हॅलम बाईंनी ते मान्य केलं. तेव्हा सभेपर्यंत मी मधल्या शाळेची बाई आहेच. पुढचं पुढे.

आता तुला हसू येईल असं काही सांगते. आम्ही दर गुरुवारी नदीत नारळ टाकतो. इथली नदी पावसाळ्यात उलटी वाहते, समुद्राकडे न जाता वर तळ्याकडे. आणि पाऊस ओसरला की पुन्हा फिरते. सगळ्या गावाला हे ठाऊक आहे, माझ्या तेराही जणांच्या वहीत ते छान अक्षरात लिहिलेलं आहे. मी म्हटलं, लिहिलंत ना, आता बघा. धक्क्यावर दोन खांबांमध्ये तीस मीटर दोरी बांधली. नारळ टाकायचा, घड्याळ लावायचं, नारळ इकडून तिकडे जायला किती वेळ लागला ते लिहायचं. ऑगस्टात तो उत्तरेकडे धावत होता. सप्टेंबरात चालायला लागला. लिहायचं काम पेइशानकडे, कारण तिचे आकडे छापल्यासारखे असतात.

चौदा तारखेला पहिला नारळ रांगत उत्तरेला गेला. दुसरा जागच्या जागी गिरक्या घेत बसला. तिसरा सुटला तो मागे, दक्षिणेकडे. मुलं खाऊ वाटून घेत होती, कुणाचं लक्ष नव्हतं. वर्गात आल्यावर मी वही पाहिली. तिसऱ्या नारळाच्या जागी कागद खरवडलेला, आणि वर पहिल्या दोघांकडे बघून बेतलेला एक नीटस आकडा. मी पेइशानला विचारलं, इथे काय होतं? ती म्हणाली, चूक होती, नारळ उलटा गेला. मी विचारलं, चूक कुणाची, तुझी का नदीची? तिच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या दिवशी शाळेआधी सगळ्यांना पुन्हा धक्क्यावर नेलं. तीन नारळ टाकले, तिन्ही दक्षिणेला गेले. नदी फिरते ती गर्जना करत फिरत असेल, अशी मुलांची समजूत होती. पेइशाननं पेन घेतलं आणि खरवडलेल्या जागीच, त्या खडबडीत कागदावर, खरा आकडा लिहिला. मग मला म्हणाली, "मॅम, पुस्तकांतले किती आकडे असे कुणीतरी नीट केलेले असतील?"

मला माहीत नाही, असं मी तिला सांगितलं. खरंच माहीत नाही.

या मुलांना मी सोडणार नाही, मानांग. आणि फेबेलिनची जागाही. तिला पुन्हा एकदा विचार. नाही म्हणाली तर का, तेही विचार.

तुझ्या तांबड्या पट्ट्यांना यश येवो. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
नेने

◆

मियागाओ,
२८ नोव्हेंबर १९९९

ती. मम्मीला
फेबेलिनचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र लिहायला मला कुणी सांगितलेलं नाही. नानाय पुरिंगलाही ठाऊक नाही. पोस्टाची तिकिटं मी माझ्या वाढदिवसाच्या पैशांतून आणली.

नानायनं मला तांबडं सूत आणायला पाठवलं होतं. बिस्किटांच्या डब्यात सुताच्या खाली तुझी दोन पत्रं होती. दुसऱ्याची वाचायची नसतात हे मला माहीत आहे, पण त्यांत माझं नाव दिसत होतं.

मी मान हलवली नव्हती. मला कुणी विचारलंच नाही.

पण यावरून मी हो म्हणेन असं समजू नकोस. मला आधी काही गोष्टी कळायला हव्यात. तिथे नाव पुकारलं की बोलावंच लागतं का? मला लिहिता सगळं येतं, पण इंग्रजीत बोलायचं म्हटलं की घसा बंद होतो. शिवाय माझे पेपर तूच तपासणार का? मला कमी मार्क मिळाले तर लोक म्हणतील बाईंची मुलगी ढ, आणि जास्त मिळाले तर म्हणतील आईनंच दिले. यावर तू विचार केलेला दिसत नाही.

त्या मुलीनं खोडलेल्या जागीच परत लिहिलं, ते मला आवडलं. मी असते तर नवीन पान घेतलं असतं.

नानायला रागावू नकोस. मी तिला विचारलं नाही आणि तूही रागानं विचारू नकोस. हल्ली ती जेवताना माझ्याकडे बघते आणि मी बघितलं की भाताकडे बघते. आता मला कारण कळलं.

मार्चमध्ये माझा सहावी पूर्ण झाल्याचा समारंभ आहे. पहिली आले तर भाषण करावं लागेल, ते आपल्या किनारायआ भाषेत आहे, त्याची भीती नाही.

उत्तर मला वेगळ्या पाकिटात पाठव. प्रेम असू दे.

तुझी मुलगी,
फेबेलिन नुफाब्ले

◆

नॉम पेन्ह,
रविवार, १२ डिसेंबर १९९९

ती. मानांग हिला
नेनेचा सा. न. वि. वि.

सभा झाली. सांगते.

पाचांपैकी वर्गात येऊन बसल्या फक्त श्रीमती लिम. दोन दिवस आठवीच्या तिघांशेजारी, मांडीवर पर्स, हातात वही. माझा प्रत्येक शब्द टिपत होत्या. दुसऱ्या दिवशी मी अपूर्णांक शिकवत असताना सहावीतल्या एकाला मी फार वेळ उत्तराची वाट पाहू दिली, असं त्यांना वाटलं. त्या स्वतःच त्याला उत्तर सांगायला निघाल्या. मी हात वर केला. त्या थांबल्या. पोरानं उत्तर दिलं, आणि बरोबर दिलं. बाईंनी वहीत काय लिहिलं कोण जाणे.

गुरुवारी सभेत त्या उठल्या. म्हणाल्या की माझ्या उच्चारांबद्दलचं त्यांचं मत बदललेलं नाही. मग म्हणाल्या, "पण माझ्या मुलीनं घरी येऊन 'माझं चुकलं' असं आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं, आणि म्हणताना ती खूश होती. माझी सही काढून घ्या." आणखी एकानं काढली. तिघांनी ठेवली.

हॅलम बाईंनी मधला मार्ग काढला. जानेवारीपासून इंग्रजीला न्यूझीलंडची एक शिक्षिका येईल. गणित, विज्ञान आणि वर्ग माझ्याकडे. मी म्हटलं, चालेल. इंग्रजी ती माझ्याहून चांगलं शिकवत असेल तर मुलांचं भलंच आहे. पण मी शिक्षिका का साहाय्यक, ते कागदावर द्या. त्या म्हणाल्या, सुट्टीनंतर बघू. मी त्यांच्या दाराबाहेरच्या बाकावर जाऊन बसले. तीन वाजले होते. तेरा वह्या सोबत होत्याच, त्या तपासायला घेतल्या. चार वाजता त्यांनी डोकावून विचारलं, अजून इथेच? मी म्हटलं, "मला घाई नाही, हॅलम बाई." साडेपाचला टाइपरायटरचा आवाज आला. कागद माझ्या पेटीत आहे. पूर्ण वेळ शिक्षिका, आणि खाली एक ओळ: मुलीसाठी सातवीत जागा.

आता दुसरं. काल फेबेलिनचं पत्र आलं. तुला न सांगता लिहिलेलं. मला तुझा राग आलेला नाही, आणि तिचीही तशी ताकीद आहे. तू तिला विचारलं नव्हतंस. का, ते मी विचारणार नाही, कारण तुझ्यासमोर बसून चार आठवडे एक वाक्य न बोलणारी मीच होते. दोघी सारख्याच भित्र्या. पण आता विचार, मानांग. ती खरंच नाही म्हणाली तर मी कागद पेटीत ठेवीन, दुसऱ्या वर्षी पुन्हा काढीन. तिच्या प्रश्नांची उत्तरं मी तिला वेगळ्या पाकिटात पाठवली आहेत, तशी आज्ञा आहे.

नाताळात तुमच्या दोघींच्या ताटात माझाही घास वाढा. लोभाचं तुला काय सांगू, तो तूच शिकवलास.

तुझी,
नेने

◆

मियागाओ,
९ जानेवारी २०००

चि. नेने हिस
अनेक आशीर्वाद.

मी खोटं लिहिलं. हे एक वाक्य लिहायला मला नाताळ आणि नवं वर्ष दोन्ही घालवावं लागलं. आता लिहिलं.

पत्रं मीच डब्यात सुताखाली ठेवली आणि मीच तिला सुतासाठी पाठवलं. हे लक्षात न येता झालं की मनातून तिनं वाचावंसं वाटत होतं, ते मला सांगता येत नाही. तू तीन वर्षांपूर्वी गेलीस तेव्हा ती रोज संध्याकाळी फाटकात उभी राहायची. मग एक दिवस राहिली नाही, आत येऊन मला विचारलं, नानाय, भात लावू का? त्या दिवशी मला आनंद झाला होता, नेने. वाईट वाटायला हवं होतं आणि आनंद झाला. तेव्हापासून मी ती माझीच समजत आले. तुझं पत्र वाचलं आणि वाटलं, कुणीतरी माझ्याच घरातून काही उचलून न्यायला येतंय.

तुझं पत्र आलं त्या रविवारी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मी गेले तर तू नीट जेवशील का?" मी म्हटलं, तू जन्मायच्या आधी चाळीस वर्षं मी जेवतच होते. त्यावर ती हसली आणि मग आम्ही दोघीही रडलो, थोडं. ती म्हणाली, जाते, पण एक वर्ष बघते. मी म्हटलं, वर्षभरात कुणी काही बघू शकत नाही, जायचं तर शिकायला जा.

आता मी ठरवलं आहे. पोरगी जाणार आणि मीच पाठवणार. पासपोर्टसाठी इलोइलोला दोनदा जाऊन आलो. पहिल्या वेळी त्यांनी जन्माच्या दाखल्यावरचं एक अक्षर चुकलंय म्हणून परत पाठवलं. तुझा नवरा रोमी बोटीवर गेला तो दुसरीकडेच संसार करून बसला, त्याची सही कुठून आणू, म्हणून मी तिथल्या माणसाला असं काही ऐकवलं की त्यानं स्वतः उठून साहेबाला बोलावलं. काम झालं.

रोज जेवताना ती माझ्याशी इंग्रजी बोलते. मला चर्चमधलं आणि रेडिओवरचं तेवढं येतं. ती म्हणते, आज नदीला भरती होती. मी म्हणते, येस, थँक यू. ती म्हणते, मासा खारट झाला. मी म्हणते, येस, थँक यू. हसून हसून तिचा घसा आपोआप मोकळा होतो.

काही गोष्टी ध्यानात ठेव. ती ताप लपवते. केस कापू देऊ नकोस, ती स्वतः म्हणाली तर कापू दे. आणि मुख्य म्हणजे ती तुला लगेच बिलगणार नाही. चार आठवड्यांच्या मम्मीशी कसं वागायचं ते तिला येतं, रोजच्या आईशी कसं वागायचं ते येत नाही. तू घाई करणारी आहेस म्हणून सांगते. त्या बाकावर बसलीस तशी बस.

आशीर्वाद तर आहेतच. शक्य तर क्षमाही असावी.

तुझी थोरली,
पुरिंग

◆

नॉम पेन्ह,
रविवार, २७ ऑगस्ट २०००

ती. मानांग हिला
नेनेचा सा. न. वि. वि.

क्षमेचं पुन्हा लिहिलंस तर पत्र न फोडता परत करीन.

शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. यंदा वर्गात सोळा. फेबेलिन दुसऱ्या रांगेत, खिडकीशी, पेइशानच्या मागे बसते. पेइशान आता आठवीत गेली आहे, तरी भिंतीला टेकून बसायला तयार नाही.

तुझं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. ती मला मॅम म्हणते. शाळेत म्हणते ते ठीक, सगळीच म्हणतात. पण घरीही म्हणते. मॅम, भात वाढू का. मॅम, दिवा मालवू का. पहिल्या दिवशी मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नाही. मी भात वाढून घेतला.

अभ्यासाचं सांगते. पाढे, सूत्रं, नद्यांची नावं, काही विचारा, तिला तोंडपाठ. पण "तुला काय वाटतं?" असं विचारलं की ती माझ्याकडे अशी बघते जणू मी तिच्या खिशात हात घातला. तिकडच्या सवयीनं उत्तर द्यायला ती उठून उभी राहते, हात पाठीमागे. पहिल्यांदा मुलं हसली. तिचे कान लाल झाले, पण ती खाली बसली नाही, उत्तर पूर्ण केलं. दुसऱ्या दिवशीही उभी राहिली. मी तिला बसून सांग म्हणणार होते, तेवढ्यात पुढचा प्रश्न पेइशानला आला, आणि ती उठून उभी राहिली, हात पाठीमागे. शुक्रवारपर्यंत सोळाच्या सोळा उभी राहून उत्तरं देत होती. हॅलम बाई जिन्यावरून जाताना थबकल्या आणि मला विचारलं, ही कुठली नवी पद्धत? मी म्हटलं, मियागाओची.

तिचा पहिला पेपर मी तपासला नाही. न्यूझीलंडच्या बाईंकडे दिला, त्यांचे काही पेपर मी घेतले. तिच्या पत्रातल्या त्या प्रश्नाचं एवढंच उत्तर मला सापडलं होतं. एकशेवीसपैकी एकाहत्तर मिळाले. तिनं संध्याकाळी वही काढून चुकलेलं सगळं पुन्हा सोडवलं. मदत हवी का विचारलं, तर म्हणाली, "नको, मॅम. मला घाई नाही." हे वाक्य तिला कुणी शिकवलं ते मला ठाऊक आहे. तू माझी पत्रं तिला वाचून दाखवलीस, होय ना?

कधी कधी वाटतं, मी तिला तुझ्यापासून तोडलं आणि माझ्यापर्यंत आणलं नाही. मग सकाळ होते, तिची वेणी घालते. केस कापू दे असं ती अजून म्हणालेली नाही. मी थांबले आहे, मानांग. थांबायला मला हल्ली जमतं.

तू जेवतेस का? ती रोज विचारते. उत्तर तिच्याच नावानं लिही. आमच्या दोघींवरचा लोभ कमी-जास्त न करता सारखा वाटून दे.

तुझी,
नेने

◆

नॉम पेन्ह,
१ ऑक्टोबर २०००

ती. नानाय पुरिंग हिला
फेबेलिनचा शि. सा. न. वि. वि.

तुझा हात कपाळाला. तू जेवतेस असं लिहिलंस, पण काय ते लिहिलं नाहीस. पुढच्या वेळी पदार्थाच्या नावासकट लिही.

मला ताप येऊन गेला. मी लपवला नाही, सांगितला. म्हणजे दुसऱ्या दिवशी सांगितला.

दुसऱ्या पेपरात मला अठ्ठ्याऐंशी मिळाले. इथल्या बाई बरोबर उत्तराला अर्धेच मार्क देतात आणि उरलेले अर्धे "का" याला. आधी मला ही फसवणूक वाटली. आता थोडी कमी वाटते. पेइशान म्हणते तिलाही सातवीत तसंच वाटायचं. ती माझी मैत्रीण आहे, असं मला वाटतं. तिनं अजून तसं म्हटलेलं नाही, मीही नाही.

आता मंगळवारचं सांगते. वर्गात फिजी बेटावरची एक मुलगी नवीन आली आहे, लितिया. वडिलांची बदली झाली म्हणून वर्षाच्या मधेच आली. सोमवारी तिला गणित विचारलं, तर ती काहीच बोलली नाही. मंगळवारी मधल्या सुट्टीनंतर ती वर आलीच नाही. मॅमनी वर्गाकडे पाहिलं, पण कुणाचं नाव घेतलं नाही. मीच उठले आणि खाली गेले.

लितिया जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली होती. मी शेजारी बसले. काय बोलावं सुचेना, म्हणून केळ्याचे तळलेले काप होते ते दिले. तिनं विचारलं, तू इथे कधीपासून? मी म्हटलं, सात आठवडे. म्हणताना लक्षात आलं की मी हिशोब करून सांगितलं. पहिले पाच आठवडे मला दिवससुद्धा तोंडपाठ असायचे.

मग ती म्हणाली, वर जायला मला भीती वाटते, त्या मॅम फार कडक आहेत, प्रश्न विचारतात आणि नुसत्या बघत राहतात.

मी म्हटलं, "त्या कडक नाहीत. ती माझी आई आहे. ती बघत नाही, थांबते. तुझं उत्तर येईपर्यंत थांबते, कितीही वेळ."

नानाय, मी हे इंग्रजीत बोलले, आणि घसा कुठेही अडला नाही.

लितियानं काप संपवले आणि आम्ही वर गेलो. मॅमनी काही विचारलं नाही, फक्त तिच्या वहीचं पान उघडून दिलं. तिनं उभं राहून उत्तर दिलं. चुकीचं होतं, पण सगळं सांगितलं.

मी काय म्हणाले ते मम्मीला लिहू नकोस. घरी मी अजून मॅमच म्हणते, इतके दिवस म्हटल्यावर एकदम बदलायला लाज वाटते. पुढच्या रविवारी ती नदीवरच्या बाजारात मासे आणायला जाणार आहे, मीही बरोबर जाणार आहे. बाजारात फार गोंगाट असतो, तिथे हाक मारलेली कुणाच्या लक्षात येणार नाही. तिच्या येईल.

मासा खारट झाला तर मी येस, थँक यू म्हणेन.

माझ्यावरची माया पाठवत राहा, इथे ती ठेवायला जागा आहे.

तुझीही मुलगी,
फेबेलिन